हेल्वे, मुक्काम पोस्ट स्कार्फाविक

स्कार्फाविकच्या शाळेत पहिल्याच दिवशी एक चिमुरडी समोर पाय पुढे करून उभी राहिली आणि म्हणाली, "हेल्वे, माझ्या बुटाची नाडी बांध ना." हेल्वे कूसिकला रागवावं की हसावं ते कळेना. तिच्या गावी, एस्टोनियातल्या वोरूला, ती कितीतरी वर्षं मुलांना संगीत शिकवत होती आणि तिथे कुणी तिला 'बाई'शिवाय हाक मारली नव्हती. मुलांचे आईबाप बाई म्हणायचे, बाजारातली बटाटेवाली बाई म्हणायची. नवरासुद्धा चिडला की "बरं बाई" म्हणायचा. आणि इथे, आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या मासेमारीच्या गावात, पाद्र्यापासून पोरासोरांपर्यंत सगळे एकमेकांना नावाने आणि अरेतुरे बोलत. हेल्वे वाकली आणि तिने नाडी बांधली. त्या दिवसापासून ती बाईची नुसती हेल्वे झाली.

ती आली होती एका वर्षापुरती. त्या काळात एस्टोनियात शिक्षकांचे पगार म्हणजे थट्टाच होती, आणि आइसलँडच्या आडगावांना पियानो शिकवणारं कुणी मिळत नव्हतं. तिची एक मैत्रीण आधीच दुसऱ्या एका खाडीकाठच्या गावात रुजू झाली होती, तिनेच हे सुचवलं. घरी अडवणारं कुणी नव्हतं. नवरा फिनलंडला घरं बांधायला गेला होता आणि तिकडेच कुणाच्या तरी घरात राहून गेला होता. मूलबाळ नव्हतं. आईने फक्त इतकंच विचारलं, "तिथे झाडं आहेत का गं?" हेल्वे म्हणाली, "असतील की."

झाडं नव्हती. डोंगर होते, गवत होतं, दगड होते आणि वारा होता. शाळेच्या वरच्या मजल्यावर तिला दोन खोल्या मिळाल्या. खाली संगीताचा वर्ग आणि वर तिचं स्वयंपाकघर, त्यामुळे कामाला जायचं म्हणजे जिना उतरायचा. मुलं बूट दाराशी काढून लोकरीच्या मोज्यांवर वर्गात यायची. हिवाळ्यात त्यांच्या ओल्या मोज्यांचा वास पियानोच्या लाकडात मुरून बसे. सकाळी बासरीवाली लहान मुलं, दुपारी पियानो, त्यानंतर एखाददुसरा अकॉर्डियनवाला. गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये मोठ्या माणसांचा गायकवृंद आणि रविवारी ऑर्गन. कुणाचं लग्न असो, बारसं असो, मयत असो, ऑर्गनवर हेल्वेच. गावात ती एकटीच अशी होती की जिने प्रत्येक घरातल्या माणसाला रडताना पाठमोरी बसून पाहिलं होतं, ऑर्गनच्या वर लावलेल्या छोट्या आरशातून.

भाषा मात्र तिला शेवटपर्यंत नीट वश झाली नाही. शब्द यायचे, पण त्यांची शेपटं चुकायची. पहिल्याच हिवाळ्यात गायकवृंदाला दीर्घ श्वास सोडायला सांगताना तिने जवळजवळ तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द वापरला. सगळं चर्च चिडीचूप झालं. ती म्हणाली होती, "चला, आता सगळ्यांनी एकदम प्राण सोडा."

मागच्या रांगेतून खर्जातला एक आवाज आला, "शेवटचं कडवं तरी गाऊ दे, मग सोडतो."

तो ब्रेक्काचा थॉर्गिल्स होता. ब्रेक्का हे त्याच्या शेताचं नाव. गावापासून आत, दरीच्या टोकाला त्याचं ते शेवटचं घर. मेंढ्या पाळायचा, गुरुवारी गाडी काढून गाण्याला यायचा. त्याचा सूर किंचित खाली असायचा, पण आवाज एवढा भरदार की बाकीचे पुरुष त्याला धरून गात. हेल्वेने त्याला कधी सुधारायचा प्रयत्न केला नाही. त्याच्यापायी तिने सगळा गायकवृंदच जरा खाली गायला शिकवला. त्या दिवशी सगळे हसले, तीही हसली आणि घरी जाऊन अंधारात बसून तिने तो शब्द पुन्हापुन्हा नीट म्हणून पाहिला.

वर्ष संपलं, मग दुसरं वर्ष. असं म्हणता म्हणता तिने नाडी बांधलेल्या मुलीचं लग्न लागलं आणि त्यातही ऑर्गन हेल्वेनेच वाजवला.

लोक वाईट नव्हते. तिच्या दाराशी कुणी मासा ठेवून जाई, कुणी खोरं घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढून जाई. पण सण आला की ज्याचं त्याचं घर. नाताळच्या संध्याकाळी चर्चमधून सगळे भराभर निघत, दारात मिठ्या मारत, "मेजवानी जोरात होऊ दे हं, हेल्वे!" असं म्हणत आणि गाड्यांत बसत. ती ऑर्गनचं झाकण लावे, दिवे मालवे, वर जाऊन डुकराच्या मांसाचा छोटा तुकडा आणि आंबवलेली कोबी गरम करी, आणि बहिणीला फोन लावी.

तिला सगळ्यात जड जाई तो सप्टेंबर. उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या तेव्हा हाकत खाली आणतात. दरीच्या तोंडाशी दगडी भिंतींचा एक गोल वाडा आहे. मध्ये मोठं रिंगण आणि भोवती कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या दारावर एकेका शेताचं नाव. सगळ्या मेंढ्या रिंगणात सोडायच्या, कानावरची खूण बघायची, शिंगं धरून मेंढीला दोन पायांच्या मध्ये घ्यायचं आणि आपल्या कप्प्याकडे ओढत न्यायचं. त्या दिवशी शाळेला सुट्टी. बोटीवरचे लोक, शहरात गेलेले मुलगे, सुना, नातवंडं सगळी तिथे. चिखल, लोकर, आरडाओरडा, कुत्री. आईच्या कडेवरचं मूलसुद्धा 'आपली मेंढी' म्हणून बोट दाखवतं.

हेल्वे शाळेच्या बसने दरवर्षी जाई. घरी बसून राहिलं तर लोकांना वाटलं असतं की बरं नाही. पण तिथे जाऊन उभं कुठे राहायचं हा प्रश्न दरवर्षी नवा. तिच्या नावाचा कप्पा नव्हता. रिंगणात उतरलं तर मेंढ्या अंगावर येत. मग ती भिंतीला टेकून उभी राही, थोडा वेळ या कप्प्यापाशी, थोडा वेळ त्या. बायका थर्मासमधली कॉफी पुढे करत, वेलदोड्याच्या वासाचे, गोड पिठाचे तळलेले पीळ हातावर ठेवत. "आलीस! किती छान! मग, कसं वाटतंय आमच्याकडे?" पहिल्या वर्षी हा प्रश्न तिला गोड वाटला होता. पंधराव्या वर्षीही तोच आला.

"छान वाटतंय," ती म्हणाली.

दुपारनंतर मेंढ्या वाटून झाल्या की पुरुष भिंतीवर चढून बसत, बाटली फिरे आणि गाणी सुरू होत. खर्जात थॉर्गिल्स. तेवढा वेळ हेल्वे खरीखुरी तिथे असे. एकदा भिंतीवरून तो ओरडला होता, "हेल्वे, सूर बरोबर आहे का?"

"नाही!"

"छान! म्हणजे रोजचाच आहे!"

त्याची बायको तेव्हा होती. मग ती वारली. हेल्वेने ऑर्गन वाजवला, आरशातून पाहिलं, तर रडत नव्हता तो एकटाच; छताकडे बघत होता. पुढच्या वर्षी तो एकदा तिचा गळका नळ नीट करायला आला, एकदा अकॉर्डियनचा भाता दाखवायला आला आणि दोन्ही वेळा कॉफी पिऊन, मेंढ्यांबद्दल बोलून निघून गेला. गावात थोडी कुजबूज झाली आणि विरूनही गेली. हेल्वेच्या मनात मात्र ती विरली नव्हती. गुरुवारी ती जरा नीट केस विंचरून खाली उतरे. त्यापुढे तिने काही केलं नाही, त्यानेही नाही.

शरदातली तिची स्वतःची सहल वेगळी होती, आणि ती एकटीची. गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी, महिला मंडळाने कधीकाळी लार्चची झाडं लावली होती. माणसाच्या दुप्पट उंचीचीही नसतील, पण सप्टेंबरमध्ये त्यांची सुयांसारखी पानं पिवळी होत आणि खाली बुळबुळीत, नारिंगी टोपीच्या अळंब्या उगवत. हेल्वे टोपली आणि छोटा चाकू घेऊन जाई. गुडघे टेकून बसलं, डोकं खाली घातलं की वरचा उघडा डोंगर दिसत नसे, आणि क्षणभर रानात असल्यासारखं वाटे. आई, बहीण आयमे आणि ती अशाच जात, सकाळच्या दवात, एकमेकींना हाका मारत. इथे हाक मारायला कुणी नसल्यामुळे ती चालताना हळू आवाजात गुणगुणत राही.

गावातलं कुणी अळंब्या खात नसे. "हेल्वे, ते मेंढ्यांचं खाणं आहे," मुख्याध्यापिका सोलरून नाक मुरडून म्हणायची. "एक दिवस तू वर्गातच आडवी होशील आणि मला बदली शिक्षक शोधत फिरावं लागेल."

"मग जप ना मला," हेल्वे म्हणायची.

सोलरून मनाने चांगली होती. म्हणूनच त्या वर्षी ऑगस्टअखेर तिने हेल्वेला बोलावून दार लावून घेतलं, तेव्हाच हेल्वेला कळलं की बातमी बरी नाही.

"मुलंच नाहीत गं," सोलरून म्हणाली. "बोटी गेल्या, माणसं गेली. पुढच्या वर्षापासून संगीताला अर्धीच नोकरी देता येईल. खोल्या राहतील तुझ्याकडेच, त्याची काळजी करू नकोस." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुला कधी परत जावंसं नाही वाटत? आपल्या माणसांत?"

तिने मायेनेच विचारलं होतं. पण हेल्वे जिना चढून वर आली आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहिली. आपली माणसं म्हणजे इथली नव्हेत, हे सोलरूनने किती सहज म्हणून टाकलं होतं. आणि खरंच, का जाऊ नये? आई गेल्यापासून घर आयमेकडे होतं. माडीवरची खोली अजून हेल्वेचीच म्हणायचे. साठी जवळ आली होती. जायचं तर आत्ताच. ऑक्टोबरच्या सुट्टीत जाऊन आयमेशी समोरासमोर बोलायचं, असं तिने ठरवून टाकलं.

दोन विमानं आणि एक लांबलचक बस, असं करत ती वोरूला उतरली. स्टँडवरच्या टपरीवर तिने कॉफी मागितली. 'साखर नको' म्हणताना तोंडात आधी आइसलँडचा शब्द आला, तो गिळून ती अडखळली. टपरीवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि हसून तिला इंग्रजीत उत्तर दिलं.

आयमे गाडी घेऊन आली होती. हे ऐकून ती स्टिअरिंगवर हात आपटून हसली. "बरोबरच आहे तिचं! हेल्वेके, तुझं बोलणं कसं झालंय माहीत आहे? जुन्या रेडिओवर आजी बातम्या देतेय असं वाटतं. आता असं कुणी बोलत नाही."

"मग कसं बोलतात?"

"मलाही धड माहीत नाही. नातवाचं अर्धं कळतं."

'हेल्वेके' ही हाक फक्त आयमेच्या तोंडी उरली होती. ती ऐकून हेल्वेला इतकं बरं वाटलं की बाकीचं तिने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून टोपली घेऊन मागच्या दाराकडे निघाली. आयमे म्हणाली, "तिकडून कुठे? गाडीने जायचंय."

"गाडीने? घरामागचं रान..."

"कापलं ना. दोन वर्षं झाली. तुला सांगितलं नव्हतं?"

हेल्वेने दार उघडून पाहिलं. आई जिथे हाका मारत पुढे जायची, तिथे बुंधे होते. राखाडी बुंध्यांच्या ओळी पार तळ्यापर्यंत, आणि तळं, जे घरातून कधीच दिसत नसे, ते आता लख्ख दिसत होतं.

"उजेड छान येतो आता," आयमे म्हणाली. तिला वाईट वाटलंच असणार, पण ते तिचं वाटून झालं होतं. हेल्वेला एकटीला आज सुरुवात करायची होती.

गाडीने दोघी दुसऱ्या रानात गेल्या. उशीर झाला होता, तरी शेवाळात पिवळ्या देठांच्या लहान अळंब्या सापडल्या. दोघी बहिणी वाकून वेचत होत्या, मधूनमधून हाका मारत होत्या. हेल्वेने मोठ्या झाडांखाली मान वर करून पाहिलं. एवढ्या वर्षांत ज्याची ओढ लागली होती ते हेच. पण तिला आकाश दिसेना, वारा लागेना, दहा पावलांपलीकडचं काही कळेना. तिला चक्क गुदमरल्यासारखं झालं. आयमेला तिने ते सांगितलं नाही.

दुपारी लोण्यात कांदा परतून, आंबट साय घालून अळंब्या केल्या, उकडलेले बटाटे घेतले. खाता खाता हेल्वेने धीर केला.

"आयमे, मी परत यायचा विचार करतेय. कायमची."

आयमेने काटा खाली ठेवला. "ये की. घर तुझंही आहे. माडीवर नातवाच्या सायकली न् काय काय भरलंय, ते काढू." मग तिने ताटातला बटाटा उगाच कुस्करला. "पण एक सांगते. या वर्षापासून नोव्हेंबर ते एप्रिल मी टार्टूला लेकीकडे राहणार. गुडघे चालत नाहीत, लाकडं फोडणं होत नाही. हिवाळ्यात इथे तू एकटीच असशील. शेजारी तर राहिलेच नाहीत."

"मला एकटं राहायची सवय आहे."

"तेच म्हणतेय मी. सवय तुला तिथली आहे ना?"

हे तिने टोचून म्हटलं नव्हतं. मग आयमेने तिच्या ताटात आणखी अळंब्या वाढल्या आणि म्हणाली, "खा. तिकडे काय मिळतं तुला, कोण जाणे."

निघताना आयमे स्टँडवर रडली. हेल्वेला रडू आलं नाही. ते आलं विमानात, आणि तेही खिडकीतून खाली तो उघडा काळा किनारा दिसला तेव्हा. ते बरं वाटून आलं की वाईट वाटून, हे तिला सांगता आलं नसतं.

स्कार्फाविकला परतून दोन दिवस झाले नसतील, तोच थॉर्गिल्सचा फोन आला.

"हेल्वे, पाय धड आहेत ना तुझे?"

"आहेत. का?"

"माझी एक मेंढी राहिलीय वर, दोन कोकरांसकट. काल दुर्बिणीतून दिसली. मुलगा शहरात, शेजारी बोटीवर. मला एक माणूस हवाय, नुसतं उभं राहायला."

एवढ्या वर्षांत तिला मेंढ्यांच्या कामाला कुणी बोलावलं नव्हतं. तिने दोन लोकरी स्वेटर चढवले आणि निघाली. जाण्याआधी थर्मासमध्ये कॉफी भरली आणि केस विंचरले, त्याचं तिचं तिलाच हसू आलं.

ब्रेक्कापासून दोघं दरीत वर चढली. थॉर्गिल्स सत्तरीचा, पण सावकाश, न थांबता चालणारा. ढग खाली उतरत होते. एका घळीच्या तोंडाशी त्याने तिला थांबवलं. "मी वरून हाकतो. ती इकडे आली तर तिला खाली ओढ्यात जाऊ द्यायचं नाही. हात पसरायचे आणि ओरडायचं."

"काय ओरडू?"

"वाटेल ते. मेंढीला व्याकरण कळत नाही."

तो धुक्यात दिसेनासा झाला. हेल्वे उभी राहिली. पाणी वाहतंय एवढाच आवाज. आपल्याला इथे विसरलं तर कुणाला कधी कळेल, असा एक विचार मनात आला. सोमवारी, बासरीच्या मुलांना.

मग दगड घसरले आणि धुक्यातून मेंढी आली, मागे दोन थोराड कोकरं. तिला पाहून मेंढी थबकली आणि ओढ्याकडे वळली. हेल्वेने हात पसरले आणि ओरडली. पण तोंडातून आला तो आईचा आवाज. संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून आई गाईंना घालायची ती हाक, लांबवलेली, शेवटी वर जाणारी. इतक्या मोठ्याने ती आपल्या भाषेत कित्येक वर्षांत बोलली नव्हती. पलीकडच्या कड्यावरून हाक परत आली. मेंढी थांबली. हेल्वेने पुन्हा हाक घातली, आणि पुन्हा, मेंढी वाटेला लागली तरी घालत राहिली.

थॉर्गिल्स धापा टाकत खाली आला. "हे काय होतं?"

"आई गाईंना बोलवायची."

"अर्थ काय?"

"काही नाही. या म्हणायचं, एवढंच."

त्याने मान हलवली. "गायकवृंदात एवढा आवाज लावला असतास तर आम्ही कधीच सुधारलो असतो."

मेंढी कुंपणात घातल्यावर दोघं घराच्या आडोशाला दगडावर कॉफी घेऊन बसली. हेल्वेचे बूट ओले, गाल तापलेले. आपण आज इथल्या झालो, असं काहीतरी बावळट तिच्या मनात फिरत होतं. एस्टोनियाला जाऊन आले आणि इथेच राहायचं ठरवलं, हे त्याला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला,

"ही शेवटची."

"शेवटची मेंढी?"

"शेवटचं सगळंच. बाकीच्या मेंढ्या या वर्षी कत्तलखान्यात पाठवल्या. ही आणि कोकरं खालच्या शेतावरची पोरगी नेणार आहे. मी आकुरेरी शहरात चाललो, मुलीजवळ. फ्लॅट घेऊन दिलाय तिने. लिफ्ट आहे." हा शब्द त्याने असा उच्चारला, की जणू कुणी त्याला घोडा दिला होता आणि त्याला त्यावर चढता येत नव्हतं.

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात. गुरुवारी तुला सांगणारच होतो, पण सगळ्यांसमोर नको वाटलं."

हेल्वेने कपातली उरलेली कॉफी गवतावर ओतली. "चांगलं आहे," ती म्हणाली. "आकुरेरीला गायकवृंदही चांगले आहेत."

"तिथे सुरात गावं लागतं," थॉर्गिल्स म्हणाला.

दोघंही हसली. मग त्याने खिशातून किल्ली काढली. "घर अजून विकत नाही. शेत कुणी घेईल तेव्हा बघू. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून कुणीतरी अधूनमधून नळ सोडायला हवा. तुला जमेल का?"

या माणसाने आपल्याला काही विचारलं तर आपण काय उत्तर देऊ, हे हेल्वेने मनात कितीदा घोळवलं होतं. त्याने विचारलं ते नळाचं. तिने किल्ली घेतली. "जमेल."

तो गेल्यावर पहिल्या गुरुवारी गायकवृंद सुरू झाला आणि खर्जाच्या जागी भोकच पडलं. सूर आपोआप वर गेले, बरोबर जागी बसले. पहिल्या रांगेत गाणारी सोलरून म्हणाली, "ऐकलंस? आज कसं स्वच्छ वाटतंय." हेल्वेने ऑर्गनवरच्या वहीची पानं उलटली आणि पुढचं गाणं काढलं.

नोव्हेंबरात तिने सोलरूनला सांगून टाकलं की अर्धी नोकरी चालेल. सोलरूनने तिला मिठी मारली, डोळे पुसले. "मला वाटलं होतं जाशील तू. आपल्या माणसांत."

"तीही टार्टूला चाललीत," हेल्वे म्हणाली. सोलरूनला त्याचा अर्थ कळला नाही, आणि हेल्वेने फोड करून सांगितलं नाही.

दर शनिवारी ती जुनी गाडी काढून दरीत जाई. रस्ता बंद असला तर खालच्या शेतावर गाडी ठेवून चालत. ब्रेक्काच्या घरात भिंतींवर फोटो काढलेल्या जागी फिकट चौकोन राहिले होते. ती स्वयंपाकघरातला नळ सोडी, न्हाणीघरातला सोडी, पाणी लालसर येऊन मग निवळे. तोवर कोट घालूनच टेबलाशी बसे आणि थॉर्गिल्सला फोन लावी.

सुरुवातीला तो तक्रारी करायचा. शेजारी भिंतीतून खोकतो, खिडकीतून गाड्याच दिसतात, मुलगी भाज्या खायला लावते. मग तक्रारी कमी झाल्या. जानेवारीपासून तो एकच विचारू लागला.

"नळ?"

"ठीक आहेत."

"बाहेर काय दिसतंय?"

मग हेल्वे खिडकीशी उभी राहून सांगे. बर्फ कुठवर उतरलाय, ओढा कुठे उघडा आहे, गोठ्याचा पत्रा वाजतोय की नाही. डोंगरांची नावं ती चुकीच्या शेपटांनी म्हणे. तो चूक काढत नसे, पलीकडे ऐकत असे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वारा पडला होता, ऊन होतं, सगळी दरी पांढरी.

"कुंपणाच्या खांबावर डोमकावळा आहे," ती म्हणाली.

"एकच?"

"एकच."

"असं होत नाही. ब्रेक्काला जोडी असते, माझ्या आज्यापासून. दुसरा मागे असेल, खताच्या ढिगावर. बघ बरं."

ती फोन कानाशी धरून मागच्या खोलीत गेली, हाताने काच पुसली. ढीग होता, बर्फात बुडालेला. त्यावर कसलीही खूण नव्हती.

"आहे का?"

"नाही."

पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बंद झाल्याचा.

"ठेवू नकोस एवढ्यात," थॉर्गिल्स म्हणाला. "थोडा वेळ थांबून बघ."

हेल्वेने खिडकीपाशी एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर बसली आणि बाहेर बघत राहिली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता.